मोठ्या दुर्बिणीची पेठला बदली

नाशिकच्या नभोमित्र हौशी खगोल मंडळाच्या कार्यकारिणीने डिसेंबरच्या मासिक सभेत, विषय क्रमांक सात अन्वये, असा ठराव केला की मंडळाच्या वेधशाळेतील मोठी दुर्बीण पेठ तालुक्यातील एका आश्रमशाळेला देण्यात यावी. विषय क्रमांक सहा चहाच्या कपांचा होता. कप काचेचे असावेत की कागदाचे, यावर पाऊण तास चर्चा झाली होती आणि सगळे दमले होते. त्यामुळे दुर्बिणीचा विषय दीड मिनिटात एकमताने मंजूर झाला.

ठरावाला कारणही तसंच होतं. गंगापूर रोडच्या मागच्या अंगाला मंडळाची दुमजली इमारत बांधली आणि तिच्या गच्चीवर पत्र्याचा घुमट बसवला, तेव्हा आजूबाजूला द्राक्षांचे मळे होते. आता तिथे चौदा मजली इमारती आहेत, मंगल कार्यालयांचे प्रकाशझोत आहेत आणि चौकातल्या वाढदिवसाच्या प्रत्येक फलकाला स्वतःचे चार दिवे आहेत. आकाशगंगा दिसेनाशी होऊन बारा वर्षं झाली. गेल्या वर्षीच्या अहवालात 'निरीक्षणे' या सदराखाली तीनच नोंदी होत्या: चंद्र, गुरू आणि 'समोरच्या इमारतीतील रहिवाशांची तक्रार'.

त्या दीड मिनिटाचा सगळ्यात जास्त आनंद धम्मपाल साळवे यांना झाला, कारण दुर्बीण त्यांच्या हातची होती. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी तीस वर्षं काढली. त्यातली दीड वर्षं ते पहिली पाळी संपवून घरी आले, की शेडमध्ये पिंपाभोवती फिरत सोळा इंची काचेवर काच घासत बसायचे. बायको म्हणायची, एवढं पाठीला तेल चोळलं असतंत माझ्या, तर पुण्य लागलं असतं. त्या घासण्यातून दुर्बिणीचा आरसा झाला. त्यात शनीची कडी इतकी स्वच्छ दिसायची की एका पाहुण्याला आत चित्र चिकटवलंय असा संशय आला होता. आता धम्मपालांचं वय सदुसष्ट होतं, आणि आपले डोळे शाबूत आहेत तोवर ही पोर एकदा काळ्याकुट्ट आकाशाखाली उभी राहावी, एवढीच त्यांची इच्छा होती. आश्रमशाळेत विज्ञान शिकवणाऱ्या तेजस्विनी गावित यांनी पत्रात लिहिलं होतं, "आमच्याकडे लाइट बऱ्याचदा नसते. तारे मात्र भरपूर असतात." ते वाक्य धम्मपालांनी दोनदा वाचलं होतं. फक्त पावसाळ्याच्या आत दुर्बीण पोचायला हवी होती. जून लागला की पेठच्या डोंगरात चार महिने आकाशाचं तोंड दिसत नाही.

दुसऱ्याच दिवशी सकाळी ते ओळखीच्या संतोषचा टेम्पो घेऊन मंडळात हजर झाले.

मंडळाचे अध्यक्ष यादवराव निकम हे आस्थापना शाखेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. पस्तीस वर्षं त्यांनी माणसांच्या बदल्या केल्या. कार्यकारिणीतले उरलेले चौघेही त्यांच्याच हाताखालून निवृत्त झालेले. त्यामुळे मंडळात ताऱ्यांपेक्षा टाचण्यांची माहिती अधिक होती. अकरा वर्षांच्या कारकिर्दीत यादवरावांनी दुर्बिणीला डोळा लावला नव्हता. एक डोळा मिटून कशाकडे बघणं अध्यक्षपदाच्या शिष्टाचारात बसत नाही, असं त्यांचं मत होतं.

"टेम्पो कशाला?" यादवरावांनी विचारलं.

"दुर्बीण न्यायला, साहेब. काल ठराव झाला ना."

"ठराव झाला म्हणजे काम झालं, असं तुम्हाला कोण म्हणालं? ठराव ही कामाची इच्छा. आधी तिला जडवस्तू नोंदवहीतून कमी करावं लागेल."

नोंदवही आली. तिच्यात खुर्च्या साठ, कपाटं तीन, घड्याळ एक (बंद) आणि चहाचे कप चाळीस होते, त्यांपैकी कान तुटलेले अकरा. दुर्बीण नव्हती.

"पावती कुठे आहे हिची?"

"पावती कसली? मी घासलीय तिला."

"म्हणजे वस्तू म्हणून ती मंडळात आलेलीच नाही. जी आली नाही, ती देणार कशी?"

"मग गच्चीवर काय आहे, साहेब?"

प्रश्न रास्त होता. यादवरावांनी डोळे मिटून विचार केला. "धम्मपालराव, मंडळात तीनच गोष्टी असू शकतात. वस्तू, सभासद आणि कर्मचारी. वस्तू ती नाही. सभासद म्हणावं, तर अर्ज नाही, सूचक-अनुमोदकाची सही नाही. पण चोवीस तास कार्यालयात हजर असते. मग राहिलं काय?"

"कर्मचारी," धम्मपाल थट्टेनं म्हणाले. आस्थापना शाखेतल्या माणसाची थट्टा करू नये, हे टूलरूममध्ये कुणी शिकवत नाही.

यादवरावांचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर! आणि कर्मचाऱ्याला कुणी 'देत' नाही. त्याची बदली होते. बदली म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. आठ दिवसांचं काम."

संतोषनं टेम्पो वळवला.

दुर्बिणीची सेवापुस्तिका उघडण्यात आली. उंची सहा फूट. ओळखखूण, नळीच्या उजव्या अंगाला ओरखडा. जन्मतारखेपाशी दोन दिवस गाडी अडली. शेवटी आरशाची जाड काच जुन्या जहाजाच्या खिडकीची असल्याचं धम्मपालांनी सांगितलं. ती त्यांनी मुंबईच्या भंगार बाजारातून आणली होती आणि तिच्या कडेला 'फेब्रुवारी १९६८' असं कोरलेलं होतं. तीच जन्मतारीख धरली गेली. 'वडिलांचे नाव' या रकान्यात काय लिहायचं असं विचारल्यावर धम्मपालांनी आपलं नाव सांगितलं आणि पुढे सही केली. सगळा पोरखेळ चाललाय हे कळत असूनही त्यांना भरून आलं.

मग वैद्यकीय तपासणी. नेत्रतज्ज्ञ डॉ. मोहिनी पाटणकर मंडळाच्या सभासद होत्या. समोरच्या इमारतीच्या चौदाव्या मजल्याच्या गच्चीवर त्यांनी अक्षरांचा तक्ता लावला आणि दुर्बिणीतून पाहून प्रमाणपत्र दिलं: "दृष्टी असामान्य. शेवटच्या ओळीखालचा छापखान्याचा पत्ताही वाचता येतो. मात्र सर्व काही उलटे दिसते." आरशाच्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं, आकाशात वर-खाली काही नसल्यानं त्यानं बिघडत नाही, हे धम्मपाल समजावू लागले, पण तोवर यादवरावांनी समासात शेरा मारला होता: "उलटे दिसण्यामुळे प्रशासकीय सेवेत अडचण आल्याचा पूर्वदाखला नाही. मान्य."

जानेवारीत सेवाज्येष्ठता यादी लागली. यादीत दोन नावं होती. एक दुर्बीण आणि दुसरी कुसाबाई, मंडळाची झाडलोट करणारी. कुसाबाईनं या इमारतीच्या पायाची माती वाहिली होती, त्यामुळे ती दुर्बिणीपेक्षा चार महिन्यांनी ज्येष्ठ निघाली. आणि दुर्गम भागात बदली करायची, तर शहरात सर्वांत जास्त काळ राहिलेल्या कर्मचाऱ्याची आधी करावी लागते.

"म्हंजी मला पेठला धाडता?" कुसाबाईनं झाडू भिंतीला टेकवला. "धाडा की! माझं माहेर तिथंच हाय, पेठच्या पल्याड. आत्ता जाते."

"तेच तर," यादवराव खेदानं म्हणाले. "स्वतःच्या गावच्या बाजूला बदली देता येत नाही."

"मंग दुर्बिनीला धाडा."

"तुम्ही गेल्याशिवाय तिला जाता येत नाही. आणि तुम्हाला जाता येत नाही."

"आन् मी मेले तर?"

"मग काही अडचणच नाही," यादवराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "पण तसं लेखी लागेल."

कुसाबाईनं धम्मपालांकडे पाहिलं. "भाऊ, ह्यांच्या घरी बी असंच चालतं का हो?" शेवटी तिनं ज्येष्ठतेचा हक्क सोडत असल्याच्या कागदावर अंगठा दिला आणि बदलीचा आदेश एकदाचा निघाला.

आदेश फलकावर लागला, त्याचा कुणीतरी फोटो काढला, आणि संध्याकाळपर्यंत तो परिसरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये पोचला. नाशिक पेटून उठलं. ज्यांनी चोवीस वर्षांत मंडळाचा जिना चढला नव्हता, त्यांना दुर्बीण एकाएकी घरच्या माणसासारखी वाटू लागली. दुसऱ्या दिवशी दीडशे सह्यांचं निवेदन आलं. ते घेऊन आलेल्या शिष्टमंडळाचे पुढारी होते दिनेशशेठ बोरस्ते. पलीकडच्या मंगल कार्यालयाचे मालक. आभाळात गोल गोल फिरणारे ते चार प्रकाशझोत त्यांचेच.

"एवढी हुशार दुर्बीण," दिनेशशेठ टेबलावर थाप मारत म्हणाले, "आणि तिला थेट पेठला? काय गुन्हा केला हो तिनं?"

"शेठ, ही शिक्षा नाही," धम्मपाल म्हणाले. "तिथं अंधार आहे, म्हणून पाठवतोय."

"ऐका! अंधारात पाठवतात आणि वर सांगतात शिक्षा नाही. कोण आहे तिचं तिथं?"

"तुम्ही कधी पाहिलंय का तिच्यातून?"

"रोज पाहतो! आमच्या गच्चीवरून तुमचा घुमट स्पष्ट दिसतो."

लोकभावनेचा आदर करून बदलीला स्थगिती देण्यात आली. स्थगितीच्या आदेशात डॉक्टरांच्या प्रमाणपत्राचा आधार घेतला होता: सर्व काही उलटे दिसणाऱ्या कर्मचाऱ्यास घाटरस्त्याने पाठवणे माणुसकीस धरून होणार नाही.

त्या दिवशी तेजस्विनीबाईंचा फोन आला. "सर, मुलांनी मैदानातले दगड वेचून जागा साफ केलीय. रोज विचारतात, कधी येणार. काय सांगू?" धम्मपालांनी "येईल, येईल" म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ ते जिन्यातच बसून राहिले. पोरं दगड वेचत होती आणि आपण इथे दुर्बिणीच्या रजेचा हिशोब लावत बसलोय, याची त्यांना लाज वाटली. यादवरावांचा त्यांना मनापासून राग आला.

पण यादवराव वाईट माणूस नव्हते. कागद हलवल्याशिवाय जगातली कुठलीही गोष्ट हलते यावर त्यांचा विश्वास नव्हता, इतकंच. त्यांनीच सेवापुस्तिका चाळता चाळता वाट काढली.

"धम्मपालराव, जन्म फेब्रुवारी अडुसष्ट. म्हणजे या महिन्याच्या अखेरीस अठ्ठावन्न पूर्ण! वयोमानानुसार सेवानिवृत्ती. आणि निवृत्त माणूस कुठे राहायला जातो, याच्याशी आस्थापनेचा काही संबंध नसतो. गावी जाऊ दे नाहीतर काशीला. अठ्ठावीस तारखेला टेम्पो आणा."

अठ्ठावीस फेब्रुवारीला, शनिवारी, दुपारी चार वाजता मंडळाच्या पटांगणात मोठ्या दुर्बिणीचा सेवापूर्ती निरोप समारंभ झाला. दुर्बीण सकाळीच गच्चीवरून उतरवून व्यासपीठावर उभी केली होती. मंडळाच्या आकाशदर्शनाला नऊ माणसं आली तर ती गर्दी समजली जाते; या समारंभाला साडेचारशे आली. फलकावर दुर्बिणीचा फोटो हवा होता, पण तो कुणाकडेच निघाला नाही. फलकवाल्यानं आपल्या मनानं एका समुद्री चाच्याच्या हातातली पितळी दुर्बीण छापली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

शाली पांघरायला सुरुवात झाली. मंडळाची एक, महिला मंडळाची एक, तीन ज्येष्ठ नागरिक संघांच्या तीन, दिनेशशेठची जरीची. अडतिसाव्या शालीनंतर दुर्बिणीचा एकही इंच दिसत नव्हता. पायाशी नारळांचा ढीग झाला. मग भाषणं झाली. दुर्बीण मितभाषी होती. तिनं कधी किरकोळ रजा घेतली नाही. लहानथोर सर्वांकडे तिनं एकाच नजरेनं पाहिलं. साहेब आले तरी उठून उभी राहिली नाही, कारण ती कायम उभीच असे. एका वक्त्याला हुंदका आवरेना. नंतर कळलं की तो शेजारच्या सोसायटीतल्या एका वाणीसाहेबांच्या निरोपाला आला होता आणि पत्ता चुकला होता. पण हुंदका खरा होता.

"आता सत्कारमूर्तींचं मनोगत," निवेदकानं जाहीर केलं. दुर्बीण काही बोलली नाही. सभा दोन मिनिटं आदरानं थांबली. शेवटी वडील या नात्यानं धम्मपालांना माइक देण्यात आला.

धम्मपालांनी खूप काही ठरवून ठेवलं होतं. पण त्यांनी पूर्वेला पाहिलं. दोन इमारतींच्या फटीतून, उजेडातच, पौर्णिमेच्या अलीकडचा फिकट चंद्र वर आला होता. त्यांनी पुढच्या शाली बाजूला सारल्या, नळी चंद्राकडे वळवली, चाक फिरवून चित्र नीट जुळवलं आणि म्हणाले, "मला बोलता येत नाही. तिला दाखवता येतं. एकेकानं या, फक्त एकदा डोळा लावा. एवढाच तिचा सत्कार."

साडेचारशे माणसं उठली. रांग लागली. धम्मपालांचा ऊर भरून आला. मग पहिला माणूस जवळ आला, दुर्बिणीकडे पाठ करून उभा राहिला आणि त्यानं सेल्फी काढला. दुसऱ्यानंही तेच केलं. पुढे दिनेशशेठ सहकुटुंब उभे राहिले आणि त्यांनी दुर्बिणीच्या खांद्यावर, म्हणजे बरोबर भिंगावर, हात ठेवला. साडेचारशेंपैकी एकानंही आत पाहिलं नाही. पाहिलं ते फक्त खुर्च्या उचलायला आलेल्या कुसाबाईनं.

"आग बया!" ती ओरडली. "ह्याला तं देवी आल्या होत्या की वं! किती वण हाईत तोंडावर!"

"तीच विवरं, कुसाबाई," धम्मपाल म्हणाले. त्यांना हसू आलं आणि रडूही आलं.

समारोपाला यादवराव उभे राहिले. समोरचा जनसागर पाहून त्यांना गहिवरून आलं होतं. पस्तीस वर्षांत त्यांनी एवढा लोकप्रिय कर्मचारी पाहिला नव्हता, आणि लोकप्रिय कर्मचारी निवृत्त झाला की शासन-प्रशासन काय करतं, ते त्यांच्या रक्तात भिनलेलं होतं. "आपल्या भावना लक्षात घेऊन," ते सद्गदित आवाजात म्हणाले, "मी अध्यक्षीय अधिकारात मोठ्या दुर्बिणीस एक वर्षाची मुदतवाढ जाहीर करतो! मानद सल्लागार म्हणून ती याच कार्यालयात कार्यरत राहील!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. धम्मपाल खुर्चीवर मटकन बसले. फाटकाबाहेर संतोषचा टेम्पो उभा होता आणि पेठला पोरं वाट बघत होती.

"अल्पोपहाराची व्यवस्था मागच्या अंगाला केली आहे," निवेदक म्हणाला, आणि साडेचारशे माणसं एका दमात मागच्या अंगाला गेली. व्यासपीठावर धम्मपाल, कुसाबाई आणि शालींचा ढीग उरला.

"भाऊ, रडू नगा," कुसाबाई म्हणाली. "मुदतवाढ कुनाला दिली त्यांनी?"

"दुर्बिणीला."

"ती कुनाला दिसती हाय का?"

धम्मपालांनी शालींकडे पाहिलं. सातपूरच्या माणसाला यंत्र समजायला वेळ लागत नाही. त्यांनी संतोषला हाक मारली. समोसे तळले जात होते तेवढ्या वेळात तिघांनी आरसा काढला, नळी उतरवली, बैठक सुटी केली आणि सगळं टेम्पोत चढवलं. तिच्या जागी कुसाबाईनं पटांगणातली मोठी सतरंजी गुंडाळून उभी केली आणि अडतीसच्या अडतीस शाली तिच्यावर पांघरल्या. वर हार घातला. हात धुऊन परत आलेल्या यादवरावांनी सल्लागारांना नमस्कार केला आणि कार्यकर्त्यांनी त्यांना सन्मानानं गच्चीवर नेऊन ठेवलं. नेताना एक कार्यकर्ता म्हणालाही, की निवृत्तीनंतर माणूस किती हलका होतो.

आता पेठला रोज रांग लागते. धम्मपाल महिन्यातून दोनदा जातात, आणि आकाशगंगा पाहून आलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा जसा असावा तसा त्यांचा चेहरा झाला आहे. इकडे मंडळात सल्लागारांची हजेरी शंभर टक्के आहे. तिमाही आढाव्यात त्यांचं काम 'समाधानकारक' ठरलं, तक्रार एकही नाही. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी तर अभिनंदनाचं पत्र दिलं. दिनेशशेठनी त्यांच्या सन्मानार्थ एक जादा प्रकाशझोत घुमटावर सोडला आहे.

हे सगळं छापून आलं तर बोभाटा होईल, अशी धम्मपालांना धाकधूक होती. पण तसं काही होणार नाही. वेधशाळा दर शनिवारी सर्वांसाठी मोफत खुली असते, असा फलक चौकातच लावलेला आहे. तुम्हीही तो सिग्नलला थांबून कितीदा तरी वाचलाय, 'एकदा पोरांना घेऊन यायला पाहिजे' असं म्हणालाय, आणि हिरवा दिवा लागल्यावर पुढे गेलाय. तुम्ही येणार नाही याची खात्री आहे, म्हणून तर हे बिनधास्त छापायला दिलं.